चांदीची चार बटणं

“भाईर ये! मर्दा, लपतोस कुठं? भाईर ये की!”

आबा ओरडले तसा गल्लीतला पत्रा न् पत्रा थरथरला. पार रंकाळ्यावरच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या, असं माझं आजही ठाम मत आहे. मी न्हाणीत बंबामागं दडून बसलो होतो. बंब पेटलेला, आणि मला मात्र गार घाम.

माझ्या वडलांच्या, म्हणजे आबांच्या, एका हातात पुण्याहून टपालानं आलेलं माझं प्रगतिपत्रक, दुसऱ्यात फुंकणी. मूळचे आम्ही हुपरीचे. कोल्हापुरात घरातच चांदीची पैंजणं घडवायचो. मला पुण्याच्या त्या नामांकित कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा आबांनी कॉलेजचं बोधचिन्ह चांदीत ओतून स्वतःच्या सदऱ्याला चार बटणं केली. एस.टी.च्या कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता वाचावीत, एवढी मोठी. पोरगं डॉक्टर होणार, हे मुरगूडपर्यंतच्या पावण्यांना तोंडपाठ. आणि पोरानं गुपचूप सायन्स सोडून तत्त्वज्ञान घेतलेलं! शेजारच्या मास्तरांनी पत्रक वाचून दाखवलं, तेव्हा आबांना ते कळलं.

“तत्त्वज्ञान! काय करत्यात त्यात?”

“विचार करत्यात, आबा,” मी बंबामागूनच म्हणालो.

“मग हितं बसून कर की! उद्यापास्नं भट्टीपुढं बसून पैंजणाच्या कड्या जोडायच्या, डाग द्यायचा. पुणं बंद!”

आबांचा शब्द फिरलेला आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता. भट्टीपुढं म्हातारा झालेला मी मला स्पष्ट दिसलो, पांढऱ्या मिशीसकट.

एवढ्यात गुजरीतले, म्हणजे सराफ बाजारातले, व्यापारी अण्णा माल न्यायला आले. चांदी हातात आली की हा माणूस आधी तासून टंच काढायचा, चांदीत चांदी किती ते बघायचा. सख्ख्या भावाच्या मालावरही विश्वास नाही. आता माझाही टंच निघणार! मी श्वास धरला. बंबसुद्धा उकळायचा थांबला.

न्हाणीच्या फटीतून मला दिसलं, अण्णांची नजर आबांच्या बटणांवर गेली. “पोरगं अजून त्याच कॉलेजात न्हवं?”

आबांनी फुंकणी हातात एकदा फिरवली, दोनदा फिरवली.

“व्हय,” शेवटी ते म्हणाले.

“मग काय बघायचंच न्हाय. आमच्या धाकट्याला बी तिथंच घालायचा हाय.” आणि पैंजणं न तासता, तशीच पिशवीत घालून अण्णा गेले.

बऱ्याच वेळानं मी बाहेर आलो, काजळीनं काळाठिक्कर. “आबा, सोमवारी पुण्याला... जाऊ?”

आबा कामावर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, “जा. विषय कुणी इचारला?”