काळ्या पट्टीखालचं नाव

ऑफिसात तिला सगळे पीडीएफताई म्हणत. दप्तर विभागात खिडकीला लागून तिचं टेबल. कुठलीही फाइल वाकडी आली की ती सरळ व्हायला तिच्याकडेच यायची. कुणाची पानं उलटी स्कॅन झालेली, कुणाची चाळीस पानं चाळीस वेगवेगळ्या फायलींत, कुणाची फाइल एवढी फुगलेली की ईमेलमधून जायलाच तयार नाही. ताई पानं फिरवायची, जोडायची, छाटायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये दिसेल ते बटण दाबून बघायचं, हीच तिची शाळा. "हे दाबलं तर काय होतं?" असं ती दिवसातून दहादा तरी म्हणायची, आणि शेजारचा टपाल-कारकून घाईघाईने आपलं काम सेव्ह करून घ्यायचा.

हा चौकसपणा टेबलापुरता असता तर प्रश्नच नव्हता. पण बाई घरीही तशाच. नवरा याच कंपनीच्या गोदामात, रस्त्यापलीकडे, मालाच्या नोंदी ठेवायला. त्याने दारात चपला काढायचा अवकाश, की सरबत्ती सुरू: उशीर का झाला, डबा का उरला, कोण भेटलं, काय म्हणालं. तो मुळातच अबोल. गेल्या काही महिन्यांत तर त्याच्या तोंडाला कुलूपच लागलं होतं. ताईला ते खुपायचं, आणि खुपलं की ती आणखी विचारायची.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास चौकशी अधिकारी मॅडमनी तिला एक फाइल पाठवली. गोदामाचे मुख्य हाताखालच्या माणसांना वाटेल तसं वागवतात, अशी तक्रार झाली होती. नावं बाहेर जाणार नाहीत असा शब्द देऊन मॅडमनी अकरा जणांच्या साक्षी घेतल्या होत्या. आता तो अहवाल जेवणाच्या सुट्टीआधी कंपनीतल्या सगळ्यांना ईमेलने जायचा होता. सगळ्यांना म्हणजे मुख्यांनाही. त्यांच्यावर कारवाई व्हायची तेव्हा होईल, तोवर ते त्याच खुर्चीत आणि ते अकरा जण त्यांच्याच हाताखाली.

"नावं मी स्वतः झाकली आहेत," मॅडम फोनवर म्हणाल्या. "प्रत्येक नावावर काळी पट्टी ओढली आहे. तुम्ही फक्त पानांना आकडे घाला आणि पाठवून द्या."

ताईने आकडे घातले. पाठवायचं बटण समोरच होतं, पण हात थांबला. कागदाच्या काळात या विभागाची एक रीत होती. नाव जाड पेनने काळं करायचं आणि कागद खिडकीच्या काचेला लावून बघायचा. उजेडात अक्षरं हमखास दिसायची. म्हणून त्या कागदाची झेरॉक्स काढायची आणि बाहेर जायची ती फक्त झेरॉक्स. ताईने असे शेकडो कागद काचेला लावले होते. आता स्क्रीनवरचा कागद कुठल्या काचेला लावायचा? तिचे हात शिवशिवायला लागले.

तिने नवव्या पानावरच्या पट्टीवरून माउस ओढला, ती ओळ कॉपी केली आणि एका कोऱ्या पानावर पेस्ट केली. पट्टी मागेच राहिली, नाव तेवढं आलं.

नाव तिच्या नवऱ्याचं होतं, त्याच्या वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट.

ती परत नवव्या पानावर गेली आणि साक्ष वाचू लागली. 'बारीकशी चूक झाली तरी मुख्य बाकीच्यांसारखं मलाही शिडीवर उभं करतात आणि ती चूक सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचायला लावतात. आठ महिने हे चाललं आहे. घरी सांगितलेलं नाही. बायको मनाने चांगली आहे, पण एक सांगितलं की ती दहा विचारेल. दिवसभर इथे उत्तरं दिल्यावर घरी पुन्हा उत्तरं द्यायचं त्राण उरत नाही.'

तिने ते तीनदा वाचलं. आधी मुख्यांचा संताप आला, मग नवऱ्याचा, आणि तिसऱ्यांदा वाचताना स्वतःचीच लाज वाटली. उरलेल्या दहा पट्ट्या समोर होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिला काही बघावंसं वाटलं नाही. कोरं पान पुसून ती तडक वरच्या मजल्यावर गेली.

"मॅडम, पट्टी नुसती वरून ठेवली आहे. नाव खाली तसंच आहे," ती म्हणाली आणि कसं ते सांगितलं.

मॅडमनी स्वतः एक ओळ कॉपी करून बघितली. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे हे कुणालाही काढता येईल?"

"मुख्यांना तर जेवायला उठायच्या आत."

"तुम्ही कुणाचं नाव वाचलंत?"

"पट्टी सुटते का, तेवढंच बघितलं."

खोटं बोलणं ताईला कधीच जमलं नव्हतं. मॅडमनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि मग त्या पुन्हा स्क्रीनकडे वळल्या.

"आता काय करायचं?"

"झेरॉक्सच्या काळात करायचो तेच. आधी छापायचं आणि मग छापलेलं स्कॅन करायचं. मग ते नुसतं चित्र होतं, खाली काही उरत नाही."

दोघींनी मिळून सगळी पानं छापली, पुन्हा स्कॅन केली, आणि ताईने एकेका पट्टीवरून माउस ओढून खात्री केली. काही हाती लागेना. पाऊण वाजता अहवाल गेला. दुपारभर ऑफिसात तोच विषय. टपाल-कारकून खुर्ची सरकवत जवळ आला. "ताई, ते अकरा जण कोण, तुम्हाला तरी ठाऊक असणार."

"मला कुठून ठाऊक असणार?" ताई म्हणाली आणि कुणाची तरी उलटी पानं सरळ करायला लागली.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. कुणाला कळणार नाही असा शब्द मॅडमनी त्याला दिला होता, आणि त्या 'कुणाला'मध्ये बायकोही आलीच. तो हातपाय धुऊन समोर बसला आणि पहिल्या प्रश्नाची वाट बघत राहिला. प्रश्न आला नाही. त्याने दोनदा तिच्याकडे बघितलं.

"बरं वाटत नाही का तुला?"

"बरी आहे की."

थोड्या वेळाने त्यानेही चार शेंगा आपल्याकडे ओढल्या.

"आज तो अहवाल आला," तो म्हणाला.

तिच्या जिभेवर एका दमात सहा प्रश्न आले. तिने ते सगळे गिळले. "हं," ती म्हणाली.

त्याने आणखी एक शेंग सोलली. दाणे ताटलीत टाकले. साल हातातच राहिलं.

"त्यातलं नववं पान माझं आहे."

ताईने शेंगा बाजूला सारल्या. मग तो बराच वेळ बोलत होता, आणि तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.