आबांची हजेरी

ती गोष्ट निघाली की अजूनही मला हसू येतं. नव्वदीच्या दशकात मी एरंडोल आणि धरणगावच्या मधल्या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा इन्चार्ज होतो. नाव कुणाचंच सांगणार नाही. ज्यांच्याविषयी सांगायचं आहे त्यांना सगळे आबा म्हणत, मीही आबाच म्हणतो.

आबा आमच्या ठाण्याचं जुनं गिऱ्हाईक. बाजाराच्या दिवशी पिऊन भर रस्त्यात आडवे व्हायचे. मग आमचा हवालदार त्यांना उचलून आणणार, डॉक्टरी तपासणी, केस, लॉकअप, दुसऱ्या दिवशी कोर्ट आणि दंड. शुद्धीवर आले की लॉकअप स्वतः झाडून द्यायचे आणि हवालदाराला जुन्या पद्धतीने "येतो जमादार" असं सांगून निघायचे. तेव्हा आम्ही त्यांना अरे-तुरेच करायचो. पुढे त्यांनी कुठेतरी लांब जाऊन उपचार घेतला, दारू सोडली आणि पुतण्याच्या गावी राहायला गेले, एवढंच कानावर आलं होतं.

एके दिवशी सकाळी ठाण्यात फोन वाजला. अमुक गावाबाहेर बंद पडलेल्या कापूस जिनिंगच्या शेडमध्ये माणसं डांबून ठेवली आहेत, अशी खबर. नाव सांगायला नकार. खबर देणारा सहसा घाईत असतो, अर्धवट सांगून फोन ठेवतो. याने मात्र रस्ता नीट समजावला, वळणावरचं कडुनिंबाचं झाड सांगितलं आणि येताना सरकारी डॉक्टर आणाच असं दोनदा बजावलं. हवालदार फोन ठेवून डोकं खाजवत बसला. मला घाई होती. स्टेशन डायरीत नोंद केली, ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना गाडीत घेतलं आणि निघालो.

आयुष्यात बरेच छापे घातले. पोलिसांची गाडी दिसली की कोण मागच्या दाराने पळतं, कोण रडायला लागतं. इथे अंगणात सडा घातलेला, खुर्च्या मांडलेल्या, आणि धुतलेलं धोतर नेसून आबा दारात उभे.

"या साहेब, बसा. डॉक्टरसाहेब, तुम्ही बी बसा," म्हणाले.

शेडमध्ये खाटांवर पाच-सात माणसं होती. सगळ्यांच्या दाढ्या नुकत्याच केलेल्या. मी एकेकाला बाजूला घेऊन विचारपूस केली. मारहाण? नाही. जबरदस्ती? नाही. त्यांच्यात एक शाळामास्तर होते. हात इतका थरथरत होता की चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता.

"दाराला कडी कोण घालतं?" मी विचारलं.

"आम्हीच घालतो, साहेब," मास्तर म्हणाले. "कडी आतून आहे, बघा. बाजाराच्या दिवशी न पिता राहणं फार कठीण जातं. म्हणून सगळे मिळून घालतो."

मी कडी पाहिली. आतूनच होती. मग खोटी खबर दिली कुणी, आणि का? शेजाऱ्यांना विचारलं, दारूच्या गुत्तेवाल्यावर संशय घेतला, आबांना त्यांच्या वैऱ्यांची नावं विचारली. ते खाली बघत चहाचे कप गोळा करू लागले. तेवढ्यात हवालदार माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मघाशी फोनवरचा माणूस मला जमादार म्हणत होता. आता जमादार कोण म्हणतं हो?"

आम्ही दोघांनी आबांकडे पाहिलं.

"आबा, फोन कुणी केला?"

"मीच कया, साहेब." मान वर न करता ते अहिराणीत बोलू लागले. "परवाना लागस म्हणतस. अर्ज दिना, वरीस व्हयनं, तपासाले कोणी उनं नही. मंग म्हनं, पोलिसेसले बलावू. पोलीस ते येतसच."

नव्या कायद्याप्रमाणे व्यसनी माणसांना उपचारासाठी ठेवायचं तर सरकारी परवाना हवा होता, आणि परवान्याआधी तपासणी हवी होती. अर्ज कुठल्या तरी टेबलावर पडून होता. पोलीस डॉक्टरांना घेऊन आले की कागदावर काहीतरी येणारच, हे लॉकअपमध्ये बसून बसून आबांना कळलं होतं. मला राग यायला हवा होता. खोटी खबर देणं हा गुन्हाच. पण डॉक्टर खो खो हसत सुटले आणि माझाही नाइलाज झाला.

हसणं ओसरल्यावर मी म्हणालो, "आबा, परवाना नाही. मला हे बंद करावं लागेल."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "करा साहेब. पन एक सांगस. हाई बंद व्हयनं ते पहिला मीच जासु पेवाले. यास्ले सांभाळस म्हणीसन मी उभा शे."

या माणसांना सांभाळतात म्हणूनच ते स्वतः उभे आहेत, नाहीतर पहिले तेच प्यायला जातील, हे मला पटलं, आणि मी बंद काही केलं नाही. डॉक्टरांनी तिथेच बसून काय आहे, काय नाही ते लिहिलं. संडास वेगळा हवा, औषधांना कुलपाचं कपाट हवं, जळगावहून मनोविकाराचे डॉक्टर ठराविक वारी यायला हवेत. आबांनी ते सगळं केलं. फाईल हलली आणि शेवटी अडली ती माझ्याच टेबलावर, कारण अर्जदाराच्या चारित्र्याचा दाखला आमच्या ठाण्याने द्यायचा होता. आणि त्यांचं चारित्र्य तर आमच्याच रेकॉर्डला भरलेलं.

मी लपवलं काही नाही. लिहिलं की सदर इसम दारूच्या गुन्ह्यात वारंवार अटक झालेला आहे, त्यामुळे दारू काय करते हे त्याला पक्कं माहीत आहे, आणि त्याने दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात हजेरी द्यावी या अटीवर शिफारस करतो. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. "हा काय रिपोर्ट आहे?" मी म्हटलं, "साहेब, त्यात एक अक्षर खोटं नाही." त्यांनी बराच वेळ कुरकुर केली, पण सही केली. यथावकाश परवाना आला.

हजेरी आम्ही गुंडांना लावायचो, नजर ठेवायला. आबा मात्र ती आनंदाने द्यायचे. बाजाराच्या दिवशी ठाण्यात येऊन हवालदारापुढे तोंड उघडायचे, "ल्या वास, जमादार." वास घेतला की खूश होऊन परत. माझी बदली धुळ्याला झाली, पुढे मी तिथेच निवृत्त झालो, तरी ते महिन्यातून एकदा हजेरी द्यायला एसटीने माझ्या घरी यायचे. बायको चहा टाकायची. मी म्हणायचो, "आबा, आता कशाला? विश्वास आहे माझा." ते ऐकायचे नाहीत. माणसावर नजर ठेवणं आणि माणसाकडे लक्ष असणं यातला फरक मला नोकरीने शिकवला नाही, तो त्यांनी शिकवला.

एका महिन्यात ठरलेल्या दिवशी ते आले नाहीत. मी दुपारपर्यंत दाराकडे बघत होतो. मग राहवेना. चप्पल घातली आणि एसटी पकडली. मनात नको ते येत होतं. शेडमध्ये आबा खाटेवर पडले होते, अंगात ताप, आणि उशाशी तेच मास्तर बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होते. त्यांचे हात आता थरथरत नव्हते.

मला पाहून आबांनी तोंड उघडलं. मी वाकून वास घेतला. आल्याच्या काढ्याचा वास होता.

"लागली हजेरी, आबा," मी म्हणालो.

ते हसले. "मनी हजेरी नही, साहेब. आज तुमनी लागनी."