गोळी घेतल्यावर अकोल्यापर्यंत

हे किस्से मला नीट आठवतात का, याचीच मला शंका आहे. कोण आधी आलं, कोण नंतर, कोण कुठल्या खाटेवर होतं, यात माझी गडबड होऊ शकते. आयुष्यभर विद्यार्थ्यांना "पुरावा द्या" म्हणून छळणाऱ्या माणसानं स्वतः आठवणीवर विसंबून लिहायचं, म्हणजे लाजच वाटते. पण खिशात बसची तिकिटं साचतात ना, तसे हे किस्से साचत जातात. टाकून द्यावीत म्हणून हात घालावा, आणि एकेका तिकिटावरचा प्रवास आठवत बसावं!

मी औषधशास्त्राचा प्राध्यापक होतो. एम.डी., वर पीएच.डी. निवृत्तीनंतर मलकापूरला परतलो आणि गावातल्या एका छोट्या पुनर्वसन दवाखान्यात रोज सकाळी जाऊ लागलो. मणक्याला मार लागलेले, पक्षाघात झालेले, पाठ धरलेले असे बारा खाटांचे पेशंट. बहुतेकांना ताठ झालेले स्नायू सैल करणारी औषधं चालू असत. तिथले तरुण डॉक्टर माझेच विद्यार्थी. औषध किती द्यायचं, याबद्दल ते माझा सल्ला घेत आणि तो मानतही असत. मला काळजी वाटायची ती याचीच!

वॉर्ड चालवायच्या इंगळे सिस्टर. आणि खिडकीजवळच्या खाटेवर होत्या पिंपळगाव राजाच्या कौसाबाई. मणक्यातली गाठ काढल्यावर त्यांचे दोन्ही पाय ताठ झाले होते, एकमेकांवर कात्रीसारखे चढायचे. बाईंचा हट्ट एकच.

"मी घरात माह्या पायानं जाईन. चौघांनी उचलून नेलं तं गल्लीतले लोकं वेगळंच समजतीन!"

त्या हसत सांगायच्या. पण पाय उभे करतील का, हे आमच्यापैकी कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं.

*

पहिल्या दिवशी मी सिस्टरांसमोर व्याख्यान दिलं. मेंदूकडून स्नायूकडे संदेश कसा जातो, औषध तो कुठं अडवतं, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. आकृती चांगली जमली होती, असं मला तरी वाटलं.

सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे सगळं बरोबर, सर. पण गोळी दिल्यावर पेशंटले संडासले कधी न्यायचं?"

"म्हणजे?"

"गोळी चढली की झोप येते, चक्कर येते, पाय लटपटतात. तेव्हाच नेमकं यांले जायचं असते. आधी नेऊ का मंग नेऊ?"

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता!

"आधी," मी अंदाजानं म्हणालो.

"मीबी तसंच करते," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी फळा पुसला. दुपारच्या गोळ्यांची यादी लिहायला तोच फळा होता.

*

सिस्टरांचा एक नियम होता. गोळी घेणाऱ्या पेशंटनं झोपेतून एकदम उठायचं नाही. आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसायचं आणि मलकापूरपासून अकोल्यापर्यंतची मोठी स्टेशनं क्रमानं म्हणायची. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, पारस, अकोला. सावकाश. तेवढ्यात चक्कर यायची असेल तर बसल्याजागीच येते. एखादं स्टेशन गळलं, तर माणूस अजून गुंगीत आहे असं समजायचं आणि त्याला परत आडवं करायचं.

एक निवृत्त गुरुजी होते, त्यांना हे लहान मुलांचं वाटायचं. ते एका श्वासात सगळं म्हणून मोकळे व्हायचे.

सिस्टर म्हणायच्या, "गुरुजी, एक्स्प्रेस नाई चालत अठी. पॅसेंजरनं जा."

मग गुरुजी रुसून प्रत्येक स्टेशनवर थांबायचे. एकदा शेगावला फारच वेळ गेला.

"काय झालं, गुरुजी? चक्कर येते का?"

"दर्शन घेऊन राह्यलो," गुरुजी डोळे मिटून म्हणाले.

पलीकडून कौसाबाई ओरडल्या, "माह्या वाट्याचाबी नमस्कार करजा, गुरुजी! मले पायानं येता येत नाई सध्या!"

*

उंद्रीचे एक शेतकरी पाठ धरली म्हणून दाखल झाले. स्वतःचा ट्रॅक्टर, स्वतःची मतं. त्यांना जी गोळी दिली होती, तिनं काही जणांच्या लघवीचा रंग गडद होतो, काळपटसुद्धा. त्यात धोका काही नसतो. हा प्रश्न मी परीक्षेत कितीतरी वेळा घातला असेल. पेशंटला सांगायचं मात्र विसरलो!

सकाळी संडासातून आरोळी आली. "सिस्टर! माह्यातून इंजिन ऑइल येऊन राह्यलं!"

मी धावत गेलो. वेगळं काही तर नसेल ना? तपासणी करायला हवी का? मी तिथंच भिंतीला टेकून शक्यता मोजू लागलो.

सिस्टर आल्या. त्यांनी ताप आहे का, जळजळ होते का, ते विचारलं, गोळीचं पाकीट पाहिलं आणि म्हणाल्या, "घाबरू नका, भाऊ. गोळीचा रंग हाये तो. तरी आपण लघवी तपासून घेऊ."

"पण काळं काऊन?"

"सर्व्हिसिंग सुरू हाये तुमची. जुनं ऑइल निघालंच पायजे ना!"

तपासणीत काही निघालं नाही. पुढचे चार दिवस ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "मुंबईले होत नाई अशी सर्व्हिसिंग अठी होते!"

*

आता माझ्या विद्वत्तेनं झालेला घोटाळा सांगतो.

नवरात्राच्या आदल्या दिवशी कापसाच्या एका व्यापाऱ्यानं मला विचारलं, "सर, या गोळीत असते काय?"

मला आनंद झाला. मी औषध सांगितलं, मग गोळीला आकार यावा म्हणून काय घालतात तेही सांगितलं. "थोडा मक्याचा स्टार्चही असतो," असं म्हणालो.

शेठनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ते गोळी उशीखाली ठेवू लागले. मका उपासाला चालत नाही!

हे औषध एकदम बंद करायचं नसतं. कमी करायचं तरी हळूहळू. दोन दिवसांत शेठचे पाय लाकडासारखे ताठ झाले, अंग तापलं, समोर नसलेल्या माणसांशी ते कापसाचा भाव करू लागले. डॉक्टरांनी पळापळ केली. सिस्टरांना उशीखाली गोळ्या सापडल्या आणि उलगडा झाला. औषध पुन्हा सुरू झालं. शेठ शुद्धीवर आले, पण उपास मोडला म्हणून तोंड फिरवून बसले.

सिस्टर म्हणाल्या, "शेठ, उपास तोंडाचा असते का पायाचा?"

"तोंडाचा."

"गोळी कोणाची हाये?"

"पायाची."

"मंग? ती तोंडातून फक्त जाऊन राह्यली. उतरते पायातच!"

शेठना हे पटलं. शास्त्र म्हणून मला मात्र पटत नव्हतं. जाताना सिस्टर मला हळूच म्हणाल्या, "सर, एवढं खरं नका सांगत जाऊ."

त्या रात्री मला झोप आली नाही. शेठना काही झालं असतं तर? अजूनही मक्याचं कणीस पाहिलं की मला त्या उशीखालच्या गोळ्या आठवतात.

*

पुढं माझ्याच पाठीत उसण भरली. डॉक्टरांनी गोळी दिली. मी दवाखान्यातच एका रिकाम्या खाटेवर पडलो. तासाभरानं उठावंसं वाटलं. आता मला कोण नियम शिकवणार! उठलो, आणि वॉर्ड माझ्याभोवती फिरला. सिस्टरांनी दंडाला धरलं म्हणून वाचलो.

"बसा, सर. म्हणा स्टेशनं."

"अहो, मी बरा आहे."

"म्हणा!"

"मलकापूर. नांदुरा. जलंब. शेगाव..." मी विचार केला. पुढचं अगदी स्पष्ट दिसत होतं. "भुसावळ."

वॉर्ड हसून लोटपोट! कौसाबाईंना तर ठसका लागला.

"गाडी उलटी फिरली तुमची, सर," सिस्टर म्हणाल्या. "झोपा आता."

मी झोपलो. पण त्या दिवसापासून माझा सिस्टरांच्या परीक्षेवर पूर्ण विश्वास बसला. इतकी साधी आणि इतकी अचूक परीक्षा मी कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती. मी एक तक्ताही आखला. पेशंट, गोळीची वेळ, गाळलेलं स्टेशन!

*

कौसाबाईंचं औषध माझ्या सल्ल्यानं वाढवलं होतं. पाय छान सैल झाले होते, कात्री सुटली होती. मी खूश होतो. पण आधाराच्या दोन दांड्यांच्या मधे उभं केलं की बाईंचे गुडघे दुमडायचे आणि त्या खाली बसायच्या. असं रोज व्हायचं. एक दिवस त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, चार माणसं सांगून ठेवू का मंग?"

मी तक्ता चाळू लागलो.

सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, गोळी जास्त होऊन राह्यली. पाय ताठ हाये हे खरं, पण त्या ताठपणावरच त्या उभ्या राह्यतीन. मांडवाच्या दोऱ्या साऱ्याच सैल केल्या तं मांडव उभा राह्यते का?"

मी त्यांना ताठपणा मोजायची पद्धत समजावली. आकडे सुधारत होते. पुस्तकातली मात्रा याहून जास्त होती. मी पुस्तक काढून पानही दाखवलं.

सिस्टरांनी ते पान पूर्ण वाचलं. "बरं, सर," म्हणाल्या.

दोन दिवसांनी म्हणाल्या, "सर, उद्यापासून कौसामावशीची स्टेशनं तुम्हीच ऐका ना. तुमच्या तक्त्यात बसवा."

मी ऐकली. "मलकापूर, नांदुरा, शेगाव, पारस, अकोला." जलंब गळलं! दुसऱ्या दिवशी पुन्हा जलंब नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बोलणं स्वच्छ, डोळे टक्क उघडे, पण स्टेशन गळतंय! मी घाबरलो. म्हणजे गुंगी होती, वरून दिसत नव्हती इतकंच. मी लगेच डॉक्टरांना तक्ता दाखवला. "औषध कमी करा. हळूहळू, पण करा."

"सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर म्हणतात तं बरोबरच असन," सिस्टर म्हणाल्या.

औषध टप्प्याटप्प्यानं उतरलं. पाय थोडे ताठले. आणि एका सकाळी कौसाबाई दोन दांड्यांच्या मधे उभ्या राहिल्या. गुडघे दुमडले नाहीत. पाच आकडे मोजून झाले, दहा झाले. गुरुजी आपल्या खाटेवरून टाळ्या वाजवू लागले. बाई खाली स्वतःच्या पावलांकडे पाहत होत्या. "हे माहेच होय ना?" त्यांनी विचारलं.

घरी जायच्या दिवशी त्या वॉकर धरून वॉर्डाच्या दारापर्यंत चालत गेल्या. मी तक्ता घेऊन आडवा आलो. "कौसाबाई, शेवटची स्टेशनं म्हणा."

"मलकापूर, नांदुरा, शेगाव..."

जलंब गळलेलंच होतं! मी तोंड उघडलं, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "पुरे, सर! गाडी लेट होऊन राह्यली त्यांची."

आणि कौसाबाई घरी गेल्या.

*

पुढं कितीतरी वर्षं ते जलंब माझ्या डोक्यात राहिलं. औषध कमी करूनही गुंगी कशी राहिली? घरी पडल्या तर नसतील? मी वेळेवर बोललो का नाही? सिस्टर निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या, त्यांना विचारायचं राहूनच गेलं. शेवटी गेल्या हिवाळ्यात मी एसटी पकडली आणि पिंपळगाव राजाला गेलो.

दार कौसाबाईंनीच उघडलं. हातात एक काठी, बस.

"या बाप्पा, सर! किती वाळले तुम्ही!"

त्या चालत आत गेल्या, चालत पाणी घेऊन आल्या. मी त्यांच्या पायांकडेच पाहत होतो. गोळी चालू होती, तीच मात्रा. एकदाही पडल्या नव्हत्या. माझ्या छातीवरचं निम्मं ओझं उतरलं. उरलेल्या निम्म्यासाठी मी लाजत म्हणालो, "कौसाबाई, एकदा स्टेशनं म्हणता?"

त्या हसल्या. "मलकापूर, नांदुरा, शेगाव, पारस, अकोला."

"आणि जलंब?"

त्यांचं हसू गेलं. "त्या गावाचं नाव मी घेत नाई, सर. भाऊ हाये माहा तठी. माय मेली तं तेराव्याले बोलावलं नाई त्यानं मले. तवापासून ते गाव या तोंडातून निघालं नाई."

मी विचारलं, "हे सिस्टरांना ठाऊक होतं?"

"हाव तं! दवाखान्यात आली त्याच दिवशी सांगतलं होतं त्यांले."

"मग?"

"मंग काय? तुम्ही स्टेशनं ऐकाले येणार, त्याच्या आदल्या दिवशी त्या म्हणल्या, मावशी, हे सरांले सांगू नका."