पंचमीआधीची बोरं

साताऱ्याहून निघालो तेव्हा माझ्या पाकिटात परतीची दोन तिकिटं होती. एक माझं आणि एक माझ्या नातीचं, जी आधीच कोलकात्यात होती. साडेचार वर्षांच्या पोरीला तिकीट लागत नाही हे मलाही कळतं. पण मी मुद्दाम तिला स्वतंत्र बर्थ घेतला होता, खिडकीजवळचा.

माझी मुलगी मधुरा सरकारी बँकेत अधिकारी आहे. डिसेंबरात तिची कोलकात्याला बदली झाली, तीन वर्षांसाठी. जावई निखिलनं आपल्या कंपनीच्या तिथल्या ऑफिसात बदली मागून घेतली आणि दोघं ईराला घेऊन डमडमला भाड्याच्या घरात जाऊन पडली. मी जानेवारीत जायचं, महिनाभर राहून घर लावून द्यायचं, आणि तोवर ईरा रुळली नाही तर रथसप्तमीनंतर तिला साताऱ्याला घेऊन यायचं, असं ठरलं होतं. हे ‘नाही तर’ त्या दोघांचं. मी मनातून कधीच ठरवून टाकलं होतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली. दिवसभरात दूधवाल्याशी जे बोलतो तेवढंच माझं बोलणं. आमच्या गल्लीतल्या बालवाडीच्या बाईंना मी सांगूनही आलो होतो, की फेब्रुवारीपासून एक मुलगी येईल.

पुण्याहून दीड दिवसाचा प्रवास. नागपूर गेलं, रायपूर गेलं, डब्यातली भाषा बदलत गेली आणि दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात हावडा आलं. पूल पाहिला आणि मी चक्क गप्प बसलो. मी गप्प बसलो म्हणजे काय ते माझ्या ओळखीच्यांना कळेल. पस्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली आहे, तोंडाला विश्रांती अशी नाहीच. खाली हुगळीचं मातकट, रुंद पाणी, होड्या, काठावर झेंडूच्या माळांचे ढीग, आणि त्या एवढ्या गर्दीत डोक्यावर टोपल्या घेऊन पळणारे हमाल, पण धक्का म्हणून कुणाला लागत नव्हता. अशी शिस्त मला माझ्या वर्गात कधी आणता आली नाही.

डमडमची गल्ली मात्र शांत निघाली. मध्येच एक हिरवं तळं, तळ्यात बदकं, आणि डोक्यावरून इतक्या खालून जाणारी विमानं की कपडे वाळत घालणाऱ्या बायका बोलणं तेवढं थांबवतात आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढं सुरू करतात. थंडी म्हणाल तर आपल्या महाबळेश्वरापुढं काहीच नाही, पण अख्खं गाव माकडटोपी घालून हिंडत होतं. पहिल्या दिवशी मी अर्ध्या बाहीच्या शर्टात दूध आणायला गेलो तर तीन अनोळखी माणसांनी मला थांबवून काळजीनं दटावलं. चौथ्यानं टोपीचं दुकान दाखवलं. मी घेतली. काय करता!

घर लावणं म्हणजे काय असतं ते तिथं कळलं. गॅसच्या जोडणीला भाडेकरार हवा, करारावर घरमालकाची सही हवी, आणि घरमालक मुलाकडं दिल्लीला. नळाचं पाणी लालसर, तेव्हा आधी फिल्टर. ज्वारीचं पीठ शोधत मी मेट्रोनं अर्धं शहर पालथं घातलं. स्वयंपाकाला ठेवलेल्या बाई हाताला चवदार, पण कोबीच्या भाजीतही साखर घालायच्या. आमटीत गूळ आपणही घालतो हो, पण कोबीत? मी तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी मटाराचं सारण भरलेल्या गरम कचोऱ्या समोर ठेवल्या आणि माझं तोंड बंद केलं. त्या हिवाळ्यात मी सोळा-सतरा वेळा तरी तक्रार केली असेल, ती त्या कचोऱ्यांसाठीच.

हे सगळं जमत गेलं. जमत नव्हती ती ईरा. कोपऱ्यावरच्या बालशाळेत तिला घातलं होतं. रोज सकाळी मी सोडायला जायचो आणि ती फाटकाचा गज धरून उभी राहायची. बाई बंगालीत समजावायच्या, हिंदीत समजावायच्या, हिच्या तोंडून एक अक्षर नाही. अकरा वाजता आणायला जावं तर त्याच गजाशी उभी. संध्याकाळी खालच्या मजल्यावरची मुलं अंगणात खेळायची आणि ही जिन्यातून बघत बसायची. मधुरा बँकेतून सातला यायची, ईराचा पडलेला चेहरा बघायची आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी उगाच परत घासायची. मला वाईट वाटायचं. आणि खरं सांगतो, आतल्या आत बरंही वाटायचं. बालवाडीच्या बाईंना दिलेला शब्द खरा होणार होता.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मधुराच्या मनात आलं की ईराचं बोरन्हाण करू. पाच वर्षांची व्हायच्या आत करायचं ते याच वर्षी, आणि त्या निमित्तानं बिल्डिंगमधली मुलं घरी येतील. साताऱ्याहून हलव्याचे दागिने मी आणलेच होते. बाजारात बोरांच्या राशी होत्या. मी दोन किलो मागितली तेव्हा बोरंवाल्यानं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं आणि, पूजेला अजून वेळ आहे बाबू, असं काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, तुला काय करायचंय, तू तोल.

बारा-तेरा मुलं आली, त्यांच्या आया आल्या. ईरा काळ्या झबल्यात, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर मुकुट. सणासुदीला पोरीला काळं घातलेलं बघून बायका एकमेकींकडं पाहू लागल्या, पण हसून घेतलं. मधुरानं औक्षण केलं आणि बोरं, उसाचे करवे, शेंगा, चुरमुरे, गोळ्या असं सगळं ईराच्या डोक्यावरून ओतलं. मुलं तुटून पडली. चुरमुरे गेले, ऊस गेला, गोळ्या तर डोळ्याचं पातं लवायच्या आत गेल्या. बोराला मात्र एकानंही हात लावला नाही. एका मुलीनं उचललं होतं, ते तिच्या आईनं हातातून काढून खाली ठेवलं. फरशीवर दोन किलो बोरं तशीच पडून राहिली आणि त्यांच्या मधोमध बसून आमची ईरा एकटी खात होती. तेवढ्यात एक थोरली मुलगी तिला हिंदीत म्हणाली, “तू आता नापास होणार.” मुलांमध्ये कुजबूज झाली आणि पाच मिनिटांत घर रिकामं झालं.

ईरानं जे भोकाड पसरलं! ‘मी नापास, मी नापास.’ मधुरा बोरं गोळा करता करता रडायला लागली. माझा पारा चढला. माणसं बोलावून आणायची, आपल्या पोरीचा सण, आणि यांनी आपल्या घरचं फळ नाकारायचं? निखिल मला थांबवत होता, पण मी ऐकतोय कसला. तसाच तरातरा जिना उतरलो आणि तळमजल्यावरच्या शिप्रादींची (दी म्हणजे ताई) बेल वाजवली. या बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, आमच्याकडं आलेल्यांत वयानं मोठ्या, म्हणून जाब विचारायला मी त्यांनाच गाठलं.

माझं सगळं बोलून होईपर्यंत त्यांनी मला अडवलं नाही. मग खुर्ची पुढं केली आणि शांतपणे हिंदीत सांगितलं. सरस्वती पूजेआधी तिकडं मुलांना बोर खाऊ देत नाहीत. वसंत पंचमीला पहिली बोरं देवीला वाहायची, मग मुलांनी खायची. आधी खाल्लं तर परीक्षेत नापास, ही धाक घालायची जुनी रीत. अख्खा हिवाळा पोरं बोरांच्या ढिगांपुढून लाळ गिळत शाळेत जातात.

आता आली का पंचाईत! ज्यांच्याकडं बोर खायला महिनाभर बंदी, त्यांच्या मुलांपुढं आम्ही दोन किलो बोरं ओतली होती. मी खजील झालो.

“दादा,” शिप्रादी म्हणाल्या, “मी सात वर्षांची असताना चोरून खाल्लं होतं. त्या वर्षी गणितात खरंच नापास झाले. पण मला रीत ठाऊक होती. ईराला ठाऊक नव्हती. न कळता खाल्लेलं देवी मोजत नाही.” मग त्यांनी विचारलं की तुमचा हा विधी कधीपर्यंत चालतो. मी म्हटलं, रथसप्तमीपर्यंत. त्या कॅलेंडरापाशी गेल्या, बोट ठेवलं आणि म्हणाल्या की सप्तमी तर पंचमीनंतर दोन दिवसांनी आहे, मग पूजा झाली की परत करा, आणि या वेळी सगळ्यांच्या मुलांना घाला.

त्याच संध्याकाळी त्या वर आल्या. ईराच्या डोक्यावर हात ठेवून तिला पास झाल्याचं जाहीर केलं. पोरगी हुंदके देत त्यांच्याकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी शिप्रादी उभ्या होत्या. ईराच्या शेजारी, तोच गज धरून. अर्धा तास काही बोलल्या नाहीत. मग माझे पाय दुखतात, मी आत बसते, असं म्हणून त्या आत गेल्या, आणि ईरा त्यांच्या मागं गेली. असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी त्या फाटकातूनच परत फिरल्या. तोवर ईरा दुपारीही त्यांच्याकडंच रमायला लागली होती. इतकी वर्षं मी शिट्टी वाजवून पोरांना वर्गात पिटाळलं, हा उपाय मला सुचला नसता. मी त्यांना तसं सांगितलंही.

पंचमीला पाड्यात (म्हणजे आपली आळी) मांडव पडला. लहानथोर बायका पिवळ्या साड्यांत, चिमुरड्या पोरीसुद्धा, पदर पायात येऊन पडताहेत आणि उठताहेत. देवीपुढं मुलांनी आपापली पुस्तकं ठेवली होती, कारण त्या दिवशी अभ्यासाला सक्त मनाई. असला सण मला शाळेत असताना कुणी सांगितला असता तर! ईराही पिवळ्या साडीत होती, शिप्रादींनी नेसवलेल्या. भटजींनी तिला मांडीवर घेऊन हातेखोडी केली (पाटीवर पहिलं अक्षर गिरवायचा विधी). खडू धरलेला तिचा हात त्यांनी वळवला आणि पाटीवर बंगाली ‘अ’ उमटला. आमच्या घरातलं पहिलं अक्षर ‘श्री’ असतं. माझा चेहरा बघून शिप्रादींनी पाटी उचलून माझ्यापुढं धरली आणि खडू दिला. मी ईराचा हात धरून त्या ‘अ’च्या खाली ‘श्री’ काढला. भटजींनी दोन्हींवर फुलं वाहिली.

दुपारी खिचडीचा प्रसाद झाल्यावर अंगणात बोरन्हाण झालं. चाळीस मुलं तरी असतील. मी टोपी काढली, शिट्टीसारखा आवाज लावला आणि एक हात अंतरावर सगळ्यांना ओळीत बसवलं. अर्धी ओळ मोठ्या मुलांची, त्यांचं बोरन्हाणाचं वय कधीच उलटलेलं, पण उठायला कुणी तयार होईना. बायकांनी सुपं भरभरून बोरं आणली होती. मी म्हटलं ‘घाला,’ आणि सगळ्यांच्या डोक्यांवर एकदम बोरं पडली. महिनाभर अडवून धरलेली ती पोरं काय तुटून पडली म्हणून सांगू! ईरा त्यांच्यात होती. एका मुलीच्या झग्यात बोरं भरत होती आणि काहीतरी बोलत होती, अर्धं मराठी, अर्धं बंगाली, मला न कळणारं.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. आदल्या संध्याकाळी मधुरानं ईराची बॅग भरली. मला म्हणाली, “बाबा, न्या तुम्ही तिला. शिप्रादी आहेत, पण किती दिवस त्यांच्या जिवावर? मला सातला यावं लागतं. मला ती इथं हवी आहे, पण मी स्वार्थी होतेय असं वाटतं.” मला हवं होतं ते मधुरा स्वतःच माझ्या हातात देत होती. मी फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं.

मी ईराला जवळ घेतलं आणि विचारलं, येतेस ना साताऱ्याला? ती माझ्या माकडटोपीची टोकं ओढत विचार करत राहिली. मग मोठ्या माणसासारखं म्हणाली, “आबा, तू जाऊन ये. मला उद्या शाळा आहे.”

मी मधुराला म्हटलं, बॅग रिकामी कर. ती म्हणाली, बाबा, लहान आहे ती, तिला काय कळतंय. मी म्हटलं, मला कळतंय ना. स्वार्थी तू नाहीस, मी आहे. तिची काळजी म्हणून नव्हतो नेत, मला घर खायला उठतं म्हणून नेत होतो. हे बोललो आणि बॅगेची चेन मीच उघडली. खाली जाऊन शिप्रादींना, दुपारी ईराला सांभाळाल का, असं विचारलं, तर त्या म्हणाल्या की दुपारी ती माझ्याकडंच असते, यात विचारायचं काय.

हावड्याला निखिल सोडायला आला. गाडी सुटली. खिडकीजवळच्या बर्थवर खडगपूरला एक गृहस्थ येऊन बसले, रिकामा आहे का म्हणून विचारून. बंगाल मागं पडत होता, तळी, केळीची झाडं, माकडटोप्या. मी मनात त्या शहराला नमस्कार केला. परक्या मुलीच्या शेजारी अर्धा तास गज धरून उभं राहणारं माणूस जिथं तळमजल्यावर राहतं, तिथं घर लावायला माझी गरज फारशी नव्हतीच.

साताऱ्यात पोचलो तेव्हा बालवाडीच्या बाई माझ्या घराच्या फाटकातच भेटल्या. माझ्या मागं बघत म्हणाल्या, “सर, नातीला घेऊन येणार होतात ना?”

“ती तिच्या गावी आहे,” मी म्हटलं.

म्हटलं खरं, आणि मग कुलूप काढायला हातातल्या जुडग्यातली किल्ली काही केल्या दिसेना.