रोजच्या मालिशीत

"मुसलमानाच्या पोरासारखं करून आणतं का माह्या नातवाले?" ताईच्या सासूबाई जिजाजींना दबक्या आवाजात म्हणाल्या, पण अकोल्याच्या त्या दवाखान्यातल्या बाकांवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं. समोर बुरखा घातलेली एक बाई आपल्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही.

भाचा अकरा महिन्यांचा होता. लघवी करताना त्याची नुनी फुग्यासारखी फुगायची आणि तो श्वास कोंडेपर्यंत रडायचा. दोनदा ताप येऊन गेला होता. महिनाभर मलम लावूनही टोकाची कातडी सैल झाली नव्हती. सुंता करायची की थांबायचं, ते आज ठरणार होतं.

अमरावतीहून येताना एसटीत मी मोबाईलवर बरंच वाचलं होतं. काही देशांत नवजात मुलांची सरसकट सुंता करतात. लघवीचा संसर्ग कमी होतो म्हणतात. दुसरे विचारतात, धडधाकट बाळाला रक्तस्रावाचा धोका कशासाठी? मला दोघांचंही पटत होतं. माझ्याकडचे सगळे शब्द मात्र इंग्रजी होते, आणि त्यातला एकही त्या घरात माझ्या तोंडून निघाला नसता.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली होती. दिवाळीत मी ताईकडे पंधरा दिवस होते. रोज सकाळी सासूबाई पाय लांब करून बाळाला त्यावर घेत, खोबरेल तेल चोळत आणि शेवटी कातडी जोरात मागे ओढत. बाळ किंचाळायचं. एकदा तेलात रक्त दिसलं. त्यांनी चिमूटभर हळद लावली.

"आताच मोकळी नाई केली तर पुढं लग्नात पंचाईत होते," त्या शेजारणीला म्हणाल्या. मग मला बघून हसल्या. "काय पाहून राहिली वो पोरी? तुह्या इंग्रजी शाळेत नाई शिकवत हे!"

शेजारीण फिदीफिदी हसली. मी फोनमध्ये डोकं घातलं. ओढू नये, असं त्याच दिवशी त्याच फोनवर वाचलं आणि कोणालाच सांगितलं नाही. ताईलाही नाही. लाज वाटली. एवढंच कारण होतं.

आज नंबर आल्यावर डॉक्टरांनी बाळाला तपासलं. म्हणाले, "या वयात कातडी चिकटलेलीच असते. बहुतेकांची आपोआप सुटते. तसं असेल तर थांबू, उगाच भूल कशाला द्यायची? पण इथे पांढरट व्रण दिसतोय. ओढून फाटली असेल तर ही सुटणार नाही, मग ऑपरेशनच बरं. घरात कोणी ओढतं का?"

"नाई बा. हात बी नाई लावला कोणी," सासूबाई म्हणाल्या.

जिजाजी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिले. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला त्या घरात राहायचं होतं. मी संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होते.

"मग अजून थोडे महिने बघू," म्हणत डॉक्टरांनी पेन उचललं.

"या रोज ओढायच्या," मी म्हणाले. "रक्त आलेलं मी पाहिलंय, डॉक्टर. ते चूक आहे हे मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले."