ठकूचं अक्षर आणि माझं घड्याळ

"बाई, तेवढी वेळ बदला. पेनानं एक रेघ मारायची. कुणाला कळतंय?"

बाराव्या दिवशी बाळंतिणीला तपासायला मी तिच्या घरी गेले होते. ताप नव्हता, बाळ अंगावर नीट पीत होतं. पण सुनीता रडत होती. बाहेर पाळणा सजला होता आणि तासा-दोन तासांत तिच्या मुलीचं नाव ठकू ठेवलं जाणार होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. न्हावऱ्याच्या बाजूला एका उपकेंद्रात मी एएनएम होते. एएनएम म्हणजे गावची नर्स. बाळंतपणं करायची, लसी द्यायच्या आणि या सगळ्याची रजिस्टरं भरायची. प्रसूती रजिस्टरवर माझा भारी जीव. जन्माची वेळ मी मिनिटासकट लिहायची. साडीला कडक इस्त्री आणि डोक्याला त्याहून कडक, अशी मी तेव्हा होते.

त्या वेळेवरूनच गुरुजी अक्षर काढायचे. चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्या नक्षत्राचे चार भाग, प्रत्येक भागाला एक अक्षर, आणि त्या अक्षरावरून नाव. मी लिहिलेल्या वेळेला हस्ताचा चौथा भाग नुकता लागला होता. अक्षर निघालं ठ.

आता ठ वरून मुलीचं नाव आठवून बघा. सुनीतानं तर प्रियांका ठरवून ठेवलं होतं. पण घरात एक ठ आधीपासून बसलेली होती. तिच्या नवऱ्याची आजी, ठकूबाई, वय ऐंशीच्या पुढं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि मंगलआत्या म्हणाली, "घरचंच नाव हाय की. बाहेर कशाला हुडकायचं?"

"सुनीता, रजिस्टर सरकारी असतं," मी म्हणाले. "त्यात खाडाखोड होत नसते. आणि माझं घड्याळ कधी चुकत नाही." एवढं बोलून मी मनगट पुढं केलं. काय गरज होती?

तेवढ्यात ओसरीवरच्या रेडिओवर दुपारच्या बातम्या लागल्या. दीड वाजला होता. माझं घड्याळ दोनला दहा कमी दाखवत होतं.

सुनीतानं घड्याळाकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिचं रडणं थांबलं.

मग मला आठवलं. संध्याकाळची शिरूरची एसटी चुकू नये म्हणून महिन्यापूर्वी मीच घड्याळ वीस मिनिटं पुढं केलं होतं. एसटी गाठताना ते बरोबर आठवायचं, रजिस्टर भरताना नाही. उपकेंद्रातलं भिंतीवरचं घड्याळ सेल संपून कधीचं बंद. म्हणजे त्या महिन्यात गावात जन्मलेलं प्रत्येक पोर माझ्यामुळं वीस मिनिटं उशिरा जगात आलं होतं.

"म्हंजी बाई, ही आधीच झालती?"

"वीस मिनिटं," मी म्हणाले.

सुनीतानं नवऱ्याला फटफटीवर गुरुजींकडं पिटाळलं. अर्ध्या तासात तो परत आला, तोंड पाडून.

"काय निघालं?"

"ण."

"काय?"

"ण. बाणातला. गुरुजी म्हणले, पोथीत ण हाय, त्याचा 'न' करणारा मी कोण?"

मंगल माझ्यावर उखडली. "बाई, आमच्याकडं ठकू तरी व्हती. तुम्ही ती बी घालवली!"

"जरा पुढं घ्या की मग," कुणी आप्पा ओसरीवरून म्हणाले. "आजून तासभर."

सगळ्या बायका माझ्या मनगटाकडं बघू लागल्या, जणू नाव तिथूनच बाहेर पडणार होतं.

"गप बसा समदी," ठकूआजी म्हणाली. "माझ्या आधीची तीन भावंडं गेली. म्हून बापानं माझं नाव ठकी ठिवलं. ठकी म्हंजी लाकडाची बाव्हली. बाव्हलीला न्यायला कोन येतंय? तवा लेकरू जगवायला निस्तं नावच व्हतं. हिला ह्या बाईनं सोडवलं, सुई दिली. हिला कशाला पायजे ठकी? जगवली बाईनं, घोळ बी बाईनंच घातला. नाव बाईचंच ठिवा."

मंगलनं पाळण्यात वाकून कानात कुर्र केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "सुलोचना!"

सुनीता पुन्हा रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर घेऊन मेडिकल ऑफिसरांपुढं उभी राहिले.

"घड्याळ पुढं का होतं?"

"एसटीसाठी, सर."

"साडेपाचची?"

"हो, सर."

"ती कधी साडेपाचला आलीय का?"

कधीच नाही. रोज सहा वाजायचे. सरांनी दुरुस्तीवर सही केली. त्या महिन्याच्या बाकीच्या वेळाही मी नीट केल्या. त्या घरांच्या गुरुजींना कळवायला मात्र गेले नाही. एवढी अक्कल आली होती.

सुलोचनाला मागच्या वर्षी मुलगी झाली. बारशाचं आमंत्रण मला आवर्जून आलं. खाली तिच्या हातानं लिहिलं होतं, "बाई, घड्याळ घरी ठेवून या."