पोटॅशियमची कुपी

मिरजेच्या एका इस्पितळात मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. कोरेगावकडच्या आमच्या गावातून शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी. तोवर पोटॅशियम म्हणजे माझ्या लेखी जांभळं परमँगनेट. चिमूटभर टाकलं की घमेलंभर पाणी गुलाबी व्हायचं, त्यात आम्ही रोग्यांच्या चिघळलेल्या जखमा धुवायचो. त्याची भीती कधी वाटली नाही. वाटली तर एवढीच, की बोटं तपकिरी होतील आणि चार दिवस डाग जाणार नाहीत.

त्या उन्हाळ्यात जतकडून एक बाई आली. मेंढरं राखणाऱ्याची बायको, तिशीच्या आतबाहेरची. चार दिवस उलट्या-जुलाब झालेले, वर ताप. नवऱ्यानं आणि दिरानं तिला झोळीत घालून एसटीपर्यंत आणलं होतं. शुद्ध होती, पण मान उचलता येत नव्हती. पाय उचल म्हटलं तर नुसती पायांकडं बघत राहायची.

सकाळच्या फेरीत डॉक्टरांनी आम्हा मुलींना तिच्या खाटेभोवती उभं केलं.

"हिच्या अंगातलं पोटॅशियम वाहून गेलंय, म्हणून स्नायू चालत नाहीत. आपण ते सलाईनमधून देणार. पण कसं?"

"हळूहळू," कुणीतरी म्हणालं.

"बाटलीत मिसळून आणि हळूहळू. सरळ शिरेत ढकललं तर हृदय जागच्या जागी थांबतं. लक्षात ठेवा."

मी वहीत लिहून घेतलं. 'सरळ' या शब्दाखाली रेघही मारली.

दुपारी वॉर्डच्या मुख्य सिस्टरांनी माझ्यासाठी ट्रे लावला. एक पोटॅशियम क्लोराइडची कुपी, सलाईनच्या नव्या बाटलीत मिसळायला. एक शुद्ध पाण्याची कुपी, तापावरच्या औषधाची पूड विरघळवायला. दोन्ही काचेच्या, दोन्ही सारख्याच उंचीच्या, आत तेच पाण्यासारखं पाणी. सिस्टर म्हणाल्या, "मी समोर उभी राहते, तू दे." तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरची म्हातारी ओकायला लागली. सिस्टर तिकडं धावल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "थांब गं जरा."

मी थांबले नाही. वाट कशाला बघायची, मला येतंय की, असं वाटलं. एक कुपी फोडून बाटलीत घातली, बाटली टांगली. दुसरी फोडली, पूड विरघळवली, सिरिंज भरली आणि सलाईनच्या सुईजवळच्या रबरी नळीत टोचून दट्ट्या दाबायला लागले.

"यव्वा!" बाई ओरडली. "आगं, हातात पेटता इंगळ घातल्यागत हुतंय! काढ, काढ ते!"

या औषधानं थोडं चुरचुरतं हे मला ठाऊक होतं. पण सकाळी जिला मान उचलता येत नव्हती, ती बाई खांदा हिसडत होती. माझा अंगठा आपोआप थांबला. मी सुई बाहेर ओढली आणि ट्रेकडं पाहिलं. जिच्यातून सिरिंज भरली, त्या कुपीचा तुकडा तिथंच पडला होता. मी तो उचलून उजेडात धरला. अक्षरं बारीक होती, पण वाचता येत होती.

पोटॅशियम क्लोराइड.

पाण्याची कुपी बाटलीत गेली होती. बाटलीत जायचं ते शिरेत. सिरिंजमधलं दीड-दोन मिली कमी झालेलं दिसत होतं.

खरं सांगायचं तर पहिला विचार बाईचा आला नाही. पहिला विचार आला तो हा, की कुणी पाहिलेलं नाही. काच खिशात घालता येईल. हा विचार किती वेळ टिकला, ते आज सांगता येणार नाही. तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं होतं. नाडी चालत होती, चालत होती, आणि मग एक ठोका आलाच नाही. पुढचा आला, पण त्या मधल्या रिकाम्या जागेत मी किंचाळले.

"सिस्टर! मी पोटॅशियम शिरेत दिलं!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. सिस्टर आल्या. त्यांनी आधी सिरिंज माझ्या हातातून काढून घेतली. "डॉक्टरांना बोलाव. पळ."

डॉक्टर जेवणावरून उठून आले, हात तसेच खरकटे. हृदयाचा आलेख काढायचं यंत्र ढकलत आणलं. हृदय अडखळलंच तर द्यायला कॅल्शियमचं इंजेक्शन भरून उशाशी ठेवलं. कागदाची पट्टी सरकत होती, डॉक्टर ती बोटांत धरून वाचत होते आणि मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. बाई छताकडं बघत म्हणाली, "काय झालंय? मी मरायलीय का?" डॉक्टर म्हणाले, "न्हाई, बाई. पडून ऱ्हावा."

तास-दीड तासानं त्यांनी पट्टी खाली ठेवली. "जास्त गेलं नाही, आणि हिच्या अंगात मुळातच कमी होतं. वाचली." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तूही."

सिस्टर मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. घोंगडं अंथरून बाईचा नवरा तिथं बसला होता. "तूच सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. दोन कुप्या, अदलाबदल, सगळं. तो आता काठी उचलेल असं वाटत होतं. तो माझ्या पांढऱ्या बुटांकडं बघत म्हणाला,

"आता जित्ती हाय न्हवं?"

"आहे."

"मग हितं काय करतीस? तिच्यापाशी जा."

मेट्रननी लेखी जबाब घेतला. तीन महिने मला सुईला हात लावायचा नाही, असं ठरलं. पोटॅशियमच्या कुप्या त्याच आठवड्यात वेगळ्या कपाटात गेल्या. कपाटाला कुलूप, किल्ली सिस्टरांच्या कमरेला.

पण खरी शिक्षा वॉर्डात होती. नीट मिसळलेली बाटली चढली आणि बाईचे पाय हलायला लागले. दुसऱ्या दिवशी मान, तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली. मी खाटेजवळ गेले की ती सलाईनचा हात चादरीखाली ओढून घ्यायची. चादर बदलायला गेले तरी तेच. शेजारणीला सांगायची, "ती पोर नगं. दुसरी कुणीबी चालंल." तिचं काही चुकत नव्हतं. मलाही माझ्या हातांची भीतीच वाटत होती. साधी तापाची गोळी देतानाही मी पुडीवरचं नाव तीनदा वाचायचे, ओठ हलवून, मोठ्यानं. मुली हसायच्या.

पाचव्या दिवशी मी तक्ता भरायला गेले. ती केळं खात होती. मला बघून तिनं साल खाली ठेवली आणि हात चादरीवरच राहू दिला.

"नाडी बघ," ती म्हणाली. "सुई न्हाई."

मी पुरा एक मिनिट मोजली. ठोके सरळ पडत होते, तरी पुन्हा एक मिनिट मोजली.